छंद, हत्यारे आणि वाचन : एका हौशी प्रोग्रॅमरच्या निमित्ताने

१

गेल्या दिवाळीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. अकरावी-बारावीला विज्ञान शाखेत असूनही त्याने मराठी घेतले होते, आणि तेव्हापासून दिवाळीचा फराळ एकदा तरी आमच्याकडे घ्यायचा, असा त्याचा परिपाठ आहे. आता तो पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो. दिवसभर कचेरीत प्रोग्रॅम लिहितो आणि घरी आल्यावरही प्रोग्रॅमच लिहीत बसतो. पहिले पोटासाठी, दुसरे हौसेसाठी.

बोलता बोलता त्याने पिशवीतून एक वही काढली. तीत तीन याद्या होत्या : 'मी काय बनवतो', 'मी काय वापरतो' आणि 'मी काय वाचतो'. पहिल्या यादीत त्याचे अकरा साईड प्रोजेक्ट होते. दुसरीत आवडती साधने होती : कोणता एडिटर, कोणता कीबोर्ड, टिपणे ठेवण्याची कोणती पद्धत. तिसरीत आत्मविकासासाठी वाचलेली आणि वाचायची पुस्तके होती. 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर', 'डीप वर्क', 'ॲटॉमिक हॅबिट्स' अशी नावे ओलांडत मी खाली आलो तो सातव्या क्रमांकावर तुकारामाची गाथा. प्रत्येक पुस्तकापुढे 'काय मिळाले' असा एक रकाना होता. गाथेपुढचा रकाना कोरा होता.

"सर, गाथेतून नेमकं काय मिळेल? म्हणजे कुठून सुरुवात केली तर लवकर मिळेल?" त्याने विचारले.

या प्रश्नाला हसणे सोपे होते. मराठीच्या प्राध्यापकांच्या खोलीत हा किस्सा सांगितला असता तर चहा संपेपर्यंत पुरला असता. पण मुलगा मनापासून विचारत होता. शिवाय साडेचार हजारांच्या आसपास अभंग असलेला ग्रंथ कुणीही न सांगता यादीत घेणारा वाचक आजच्या दिवसांत थट्टेचा विषय नाही. मला त्या वहीत खटकला तो रकाना. प्रस्तुत लेखाचा विषय तो रकानाच आहे. छंद, हत्यार आणि वाचन या तीन गोष्टींचा 'काय मिळाले' या प्रश्नाशी संबंध काय असतो, आणि काय असावा, हे हौशी प्रोग्रॅमरच्या जगाकडे पाहून तपासता येईल असे मला वाटते. ते जग आपल्या जगापासून समजतो तितके दूर नाही.

२

आधी पहिली यादी. नोकरीबाहेर, कुणी सांगितलेले नसताना, पैसे मिळणार नसताना लिहिलेल्या प्रोग्रॅमला ही मंडळी साईड प्रोजेक्ट म्हणतात. मराठीत 'छंद' हा शब्द त्याला चपखल बसतो. आवडीने केलेले काम आणि वृत्तरचनेची शिस्त हे दोन्ही अर्थ या एकाच शब्दात आहेत, आणि या क्षेत्रातील उत्तम कामांत दोन्ही एकत्र सापडतात.

अलीकडे मात्र असे प्रोजेक्ट करण्यामागे सांगितले जाणारे कारण बहुधा एकच असते : काहीतरी शिकायला मिळते, कौशल्य वाढते, मुलाखतीत दाखवता येते. ते खोटे नाही. परंतु या परंपरेतील मोठी कामे अशा हेतूने निघाली का, हे पाहिले तर उत्तर नकारार्थी येते. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील एकवीस वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने आपण एक मुक्त कार्यप्रणाली लिहीत असल्याचे जाहीर केले, तेव्हा हा निव्वळ छंद आहे, फार मोठे काही होणार नाही, असेच त्याने म्हटले होते. त्याला स्वतःची उन्नती साधायची नव्हती. घरच्या संगणकावर त्याला हवी होती तशी व्यवस्था मिळत नव्हती, एवढीच त्याची अडचण होती. त्यातून लिनक्स उभे राहिले.

साहित्याच्या अभ्यासकांना अधिक जवळचे उदाहरण डोनाल्ड कनूथ यांचे आहे. कनूथ हौशी नव्हेत. ते स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक. 'द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग' या त्यांच्या ग्रंथमालेचे पहिले तीन खंड १९६८ ते १९७३ या काळात निघाले. ते शिशाच्या टायपात, जुन्या मोनोटाइप पद्धतीने जुळवलेले होते. १९७७ मध्ये दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची मुद्रिते त्यांच्या हाती आली. छपाईचे तंत्र बदलून फोटोटाइपसेटिंग आले होते, आणि पाने त्यांना इतकी कुरूप वाटली की आपले पुस्तक असे निघावे हे त्यांना सहन होईना. मग त्यांनी स्वतःच अक्षरजुळणीचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. तोच 'टेक'. जोडीला अक्षरांची वळणे रेखण्यासाठी 'मेटाफाँट' हा दुसरा प्रोग्रॅम आला. वर्षभरात संपेल असा अंदाज असलेल्या या कामाने त्यांची जवळजवळ दहा वर्षे घेतली. रोमन लिपीतील 'एस' या एका अक्षराचे वळण गणिताच्या भाषेत नेमके कसे मांडावे, याने त्यांना इतके छळले की १९८० मध्ये त्यांनी त्या एकाच अक्षरावर स्वतंत्र निबंध लिहिला.

दरम्यान मूळ ग्रंथमाला रखडली. चौथ्या खंडाचा पहिला भाग २०११ मध्ये आला, दुसरा २०२२ मध्ये. कार्यक्षमतेची पुस्तके ज्याला मोठा अपराध मानतात तो हा. मुख्य काम बाजूला ठेवून माणूस आडवाटेला दहा वर्षे भटकला. पण जगभरातील गणिताचे शोधनिबंध आज ज्या देखण्या रूपात छापले जातात ते या भटकण्यामुळे. आणि या आडवाटेवरून देवनागरीही गेली आहे. नेदरलँड्समधील ग्रोनिंगन विद्यापीठातील फ्रान्स वेल्थुइस यांनी कनूथ यांच्या मेटाफाँटचा उपयोग करून 'टेक'साठी देवनागरी अक्षरे घडवली. त्यांचे काम १९९१ च्या सुमारास सर्वांना उपलब्ध झाले, आणि पुढे त्यात 'अ', 'झ', 'ण' यांसारख्या अक्षरांच्या मुंबई वळणाचीही सोय झाली.

यात नवल वाटण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात काम करणाऱ्या गणपत कृष्णाजींनी मराठी छपाई आपल्या हाताने करण्याचा ध्यास घेतला. यंत्र, शाई, टाइप यांची खटपट त्यांनी स्वतः केली. त्यांच्या वहीत 'यातून मी काय शिकलो' असा रकाना असेल असे मला वाटत नाही. समोर एक वस्तू होती. ती आपल्याकडे नव्हती, किंवा होती तशी पटत नव्हती. ती नीट झाल्याशिवाय चैन पडत नव्हते. ज्याला छंद म्हणायचे तो असा वस्तूकडे तोंड करून असतो. 'मी' त्याच्या पाठीमागे असतो. माणूस बदलतो तो नंतर, त्याच्याही नकळत.

३

दुसरी यादी हत्यारांची. माझ्या विद्यार्थ्याच्या यादीत पहिल्या क्रमांकावर 'व्हिम' हा एडिटर होता. एडिटर म्हणजे प्रोग्रॅम लिहिण्याची पाटी. सुताराला रंधा, तसा प्रोग्रॅमरला एडिटर. या पाट्यांवरून दोन तट पडलेले आहेत, आणि त्यांचे वाद आपल्याकडील शुद्धलेखनाच्या वादांइतकेच जुने व तितकेच न मिटणारे आहेत.

व्हिमचा पूर्वज 'व्हीआय' हा एडिटर बिल जॉय यांनी १९७६ मध्ये बर्कली येथे लिहिला. घरून ३०० बॉडच्या संथ मोडेमवरून काम चालायचे. एकेक अक्षर पडद्यावर उमटायला वेळ लागे. त्यामुळे आज्ञा शक्य तितक्या आखूड ठेवाव्या लागल्या. त्यांच्या टर्मिनलवर बाण एच, जे, के, एल या कळांवरच छापलेले होते, म्हणून पुढेमागे, वरखाली जाण्याच्या खुणाही त्याच झाल्या. आज ते टर्मिनल नाही, तो मोडेम नाही. खुणा मात्र राहिल्या. भाषेत असेच होते. कारण विसरले जाते आणि रूप टिकते.

मला अधिक कुतूहल वाटले ते या आज्ञांच्या व्याकरणाचे. 'डी' म्हणजे पुसणे, 'सी' म्हणजे बदलणे, ही क्रियापदे. 'डब्ल्यू' म्हणजे शब्द, 'पी' म्हणजे परिच्छेद, ही कर्मे. मध्ये संख्याविशेषण घालता येते. 'डी', 'तीन', 'डब्ल्यू' अशा कळा दाबल्या की तीन शब्द पुसले जातात. चार क्रियापदे आणि दहा नामे पाठ झाली की त्यांची चाळीस वाक्ये पाठ करावी लागत नाहीत, ती बनवता येतात. सूत्रवाङ्मयाची सवय असलेल्या वाचकाला यातील काटकसर ओळखीची वाटेल. माझा विद्यार्थी हे दाखवताना जसा खुलला तसा तो माझ्या वर्गात समासाच्या तासाला कधी खुलला नव्हता. दोष अर्थातच समासाचा नाही.

व्हिमचे कर्ते ब्राम मोलेनार हे नेदरलँड्सचे. १९८८ मध्ये त्यांनी अमिगा नावाचा संगणक घेतला, आणि त्यावर व्हीआयसारखा एडिटर हवा म्हणून दुसऱ्याच्या एका प्रोग्रॅमवरून आपला प्रोग्रॅम रचायला सुरुवात केली. १९९१ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला. पुढे १९९४ मध्ये दक्षिण युगांडातील किबाले येथील बालकेंद्रात त्यांनी वर्षभर पाणी आणि स्वच्छतेच्या व्यवस्थेचे काम केले. तेव्हापासून व्हिम वापरणाऱ्यांना त्यांची एकच विनंती असे : पैसे द्यावेसे वाटले तर तिथल्या मुलांना द्या. नुसता व्हिम उघडला तर ती विनंती पडद्यावर दिसते. ३ ऑगस्ट २०२३ रोजी मोलेनार वारले, तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते. तीस वर्षांहून अधिक काळ एकच हत्यार घासूनपुसून ठेवणाऱ्या या माणसाचे काम पाहिले की 'साईड' हा शब्द तोकडा वाटतो.

हत्याराच्या प्रेमाला दुसरी बाजूही आहे, आणि विद्यार्थ्याने ती प्रांजळपणे कबूल केली. एडिटरची रंगसंगती, कळांची मांडणी, टिपणांची पद्धत यांत त्याचे कित्येक शनिवार-रविवार गेले होते. बोरू तासता तासता बोटभर उरावा आणि कागद कोराच राहावा, तसे. आपल्यातील किती जणांनी कार्डे, रंगीत पेन्सिली आणि खणांचे कपाट सिद्ध करून प्रबंध मात्र लिहिला नाही, हे आठवले तर प्रोग्रॅमरांना वेगळे काढण्याचे कारण उरत नाही. हत्याराचे प्रेम खरे की खोटे हे ओळखण्याची खूण सोपी आहे. काम अडले की खरा कारागीर हत्याराकडे पाहतो. दुसरा, काम अडू नये म्हणून, कामच सुरू करत नाही.

४

आता तिसरी यादी. अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस यांचे 'द प्रॅग्मॅटिक प्रोग्रॅमर' हे पुस्तक १९९९ मध्ये निघाले आणि प्रोग्रॅमरांच्या पिढ्यांनी ते वाचले. पुस्तक चांगले आहे. त्यातील बराचसा उपदेश कोणत्याही कारागिराने ऐकावा असा आहे. वाचनाविषयीचा त्यातील उपदेश मात्र ज्या रूपकातून येतो ते थांबून पाहण्यासारखे आहे. ज्ञान ही गुंतवणूक आहे, असे ते रूपक. नियमित गुंतवा, अनेक ठिकाणी विभागून गुंतवा, अधूनमधून ताळेबंद तपासा. दरवर्षी एक नवी प्रोग्रॅमिंग भाषा शिका, ठरावीक मुदतीत एक तांत्रिक पुस्तक वाचा. आणि तंत्राबाहेरचीही पुस्तके वाचा, कारण संगणक शेवटी माणसे वापरतात.

हा शेवटचा सल्ला उदार आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या यादीत गाथा आली ती बहुधा याच दाराने. पण गुंतवणुकीच्या वहीत शिरलेल्या पुस्तकाला परतावा द्यावाच लागतो. गाथेने तो कोणता द्यावा? चित्ताची एकाग्रता? शब्दसंपत्ती? पहाटे उठण्याची सवय? ज्या माणसाच्या नावावर वहीखाते इंद्रायणीत सोडल्याची कथा आहे, त्याला जमाखर्चाच्या रकान्यात बसवताना निदान चुकचुकल्यासारखे व्हायला हवे.

या वृत्तीवर प्रोग्रॅमरांनी स्वतःच टीका केली आहे, हे नोंदवले पाहिजे. चोवीस तासांत, एकवीस दिवसांत प्रोग्रॅमिंग शिकवू पाहणाऱ्या पुस्तकांची खिल्ली उडवत पीटर नॉर्विग यांनी दहा वर्षांत शिका, असे सांगणारा निबंध लिहिला, आणि तो आजही आवडीने वाचला जातो. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की घाई कसली आहे? आवड धरा, लिहीत राहा, दुसऱ्यांनी लिहिलेले वाचा.

हे 'दुसऱ्यांनी लिहिलेले वाचणे' त्या तीन याद्यांत कुठेच नव्हते. प्रोग्रॅमिंगविषयीची पुस्तके भरपूर होती, वाचलेला प्रोग्रॅम एकही नव्हता. आपल्याकडे कवितेवरील समीक्षा वाचून कविता न वाचणारे विद्यार्थी असतात, त्याचाच हा प्रकार. खरे वाचन कसे असते याचे एक उदाहरण या क्षेत्राच्या इतिहासात आहे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील जॉन लायन्स यांनी १९७६-७७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी युनिक्स या कार्यप्रणालीच्या सहाव्या आवृत्तीचा मूळ प्रोग्रॅम, सुमारे नऊ हजार ओळी, छापून काढला आणि त्यावर ओळींच्या क्रमांकानुसार भाष्य लिहिले. मूळ एका पुस्तिकेत, भाष्य दुसरीत. दोन्ही शेजारी उघडी ठेवून वाचता यावीत म्हणून. पुढे सातव्या आवृत्तीपासून मालक कंपनीच्या परवान्याने वर्गात मूळ प्रोग्रॅम शिकवण्यास मनाई केली. तेव्हा या पुस्तिकांच्या झेरॉक्स, मग झेरॉक्सच्या झेरॉक्स हातोहात फिरू लागल्या. १९९६ मध्ये त्या रीतसर प्रसिद्ध झाल्या, तोवर एक अख्खी पिढी त्या अंधुक प्रतींवर वाढली होती. मूळ संहिता, तिच्यावरचे ओळवार भाष्य आणि नकलांतून चाललेला प्रसार हे सारे पोथ्यांच्या अभ्यासकाला सांगावे लागू नये. कनूथ यांनी तर १९८४ मध्ये असे मांडले की प्रोग्रॅम हे साहित्य समजून लिहावे, यंत्राला आज्ञा देण्यापेक्षा माणसाला समजावून सांगणे हे त्याचे प्रयोजन मानावे. 'टेक'चा संपूर्ण प्रोग्रॅम त्यांनी स्पष्टीकरणांसह पुस्तकरूपाने छापला.

असे असता आपण मराठीचे अध्यापक त्या मुलाला कोणत्या तोंडाने उपदेश करणार? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमांनी आपल्या प्रत्येक निबंधाला, चर्चासत्राला, उजळणी वर्गाला 'एपीआय'चे गुण लावले. २०१८ मध्ये मोजणीची रीत बदलली, मोजून घेण्याची सवय काही गेली नाही. किती निबंध आपण विषयाने झपाटले म्हणून लिहिले, आणि किती रकाना भरायचा होता म्हणून? नेट-सेटला बसणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याने कादंबरीविषयी 'यावर प्रश्न काय येईल' असे विचारले तर आपण त्याला व्यवहारी म्हणतो. माझ्या विद्यार्थ्याने गाथेविषयी तेच विचारले, एवढेच. शिवाय त्याच्या काळजीला आधार आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यानंतर प्रोग्रॅम लिहून देणारी यंत्रे घरोघर पोचली. सतत नवे शिकत राहिलो नाही तर बाजूला फेकले जाऊ, ही त्याची धास्ती कुणी आरामखुर्चीत बसून थट्टेवारी नेऊ नये. ज्याची नोकरी कायम आहे त्याने तर मुळीच नाही.

माझा आक्षेप शिकण्याला नाही. वाचनाचा हिशेब आधीच मांडून ठेवला की जे हिशेबात नव्हते ते हाती लागण्याची वाटच बंद होते, हा आक्षेप आहे.

५

हे सगळे मी त्याला त्या दिवशी सांगितले नाही. मी त्याच्या पहिल्या यादीतील अकराव्या नोंदीवर बोट ठेवले. तिथे लिहिले होते : 'जुन्या फाँटचे युनिकोड. अपूर्ण. शिकण्यासारखे फारसे नाही.'

याचा माझ्याशी संबंध होता. २००५ मध्ये मी जात्यावरच्या ओव्यांवर एम.फिल.चा प्रबंधिका लिहिली. जिल्ह्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडे ती टाइप झाली, त्या काळच्या रिवाजाप्रमाणे युनिकोडपूर्व फाँटमध्ये. पृष्ठसंख्येच्या मर्यादेमुळे तीनशेंवर ओव्यांचे परिशिष्ट छापील प्रतीतून गाळावे लागले. ते एका सीडीवर राहिले. ओव्या उतरवून घेतलेल्या वह्या दोन घरे बदलताना गेल्या. गाणाऱ्या बाया त्याच वेळी सत्तरीच्या पुढे होत्या. आज ती फाईल उघडली तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. माझ्या वयाच्या बहुतेक अध्यापकांच्या कपाटात अशी एक तरी सीडी असेल.

तो म्हणाला, हे काम यंत्राकडून पाच मिनिटांत होईल. यंत्राने प्रोग्रॅम खरोखरच पाच मिनिटांत लिहून दिला. निघालेला मजकूर लांबून मराठी दिसत होता. वाचू लागलो तेव्हा घोटाळे कळले. जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी डावीकडे दिसते म्हणून व्यंजनाच्या आधी. रफार वर, शेवटी काढला जातो म्हणून अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम असतो : वेलांटी व्यंजनानंतर, रफार त्याच्या आधी. 'ईर्ष्या' या शब्दात रफाराला काना, 'य' आणि अर्धा 'ष' ओलांडून मागे न्यावे लागते. पहिल्या प्रोग्रॅमने त्याला एकच घर मागे नेले होते.

याहून वाईट गोष्ट निराळी होती. 'सासऱ्या', 'सोयऱ्या', 'पायऱ्या', 'शेजाऱ्या', 'वाऱ्या' या सगळ्या शब्दांतील चंद्रकोरीसारखा अर्धा 'र' जाऊन तिथे रफार बसला होता : 'सासर्या', 'सोयर्या', 'पायर्या'. युनिकोडमध्ये या अर्ध्या 'र'साठी 'ऱ' हे वेगळे अक्षर आहे. शिवाय साध्या 'र'पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालूनही तोच आकार काढता येतो. त्यामुळे डोळ्यांना एकच दिसणारा शब्द शोधणाऱ्या यंत्राला दोन वेगळे शब्द वाटतात. पण खरी मेख त्यापुढे होती. प्रस्तावनेतले माझे 'कार्य', 'सौंदर्य', 'पर्याय' शाबूत राहिले होते, कारण तत्सम शब्दांत रफारच असतो. मोडले होते ते बायांचे शब्द. प्राध्यापकाची भाषा यंत्रातून सुखरूप बाहेर आली आणि जात्यावरची भाषा तिथे अडकली. पंधरा वर्षे वर्गात प्रमाणभाषा आणि बोली शिकवताना जे मी इतक्या नेमकेपणाने सांगू शकलो नव्हतो, ते त्या एका कोष्टकाने सांगितले.

सरसकट 'र्य'चे 'ऱ्य' करावे तर 'सूर्य' बिघडतो. मूळ फाँटमध्ये चंद्रकोरीच्या 'र'ला वेगळे चिन्ह होते. ते विद्यार्थ्याने हुडकून काढले आणि निम्मे शब्द सुधारले. उरलेल्या ठिकाणी डीटीपीवाल्यानेच घाईत रफार टाकला होता. तिथे प्रोग्रॅम थांबला. वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते. 'आचार्यांना' की 'आचाऱ्यांना', 'चर्या' की 'चऱ्या', हे ओवी वाचून, तिच्या घरातले नाते समजून घेऊनच ठरते. मग दर रविवारी सकाळी त्याचा फोन येऊ लागला. तो ओवी वाचून दाखवी, मी ऐके. कधी त्यालाच आधी उमगे. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत हे चालले. एकदा त्याने विचारले, "सर, यात सासरा कधी थेट बोलतच नाही, हे तुम्ही प्रबंधात लिहिलंय का?" मी लिहिले नव्हते. माझ्या ध्यानातच आले नव्हते.

हे त्याचे वाचन कोणत्याही यादीत नाही. ते त्याने आत्मविकासासाठी केले नाही. अक्षर चुकीचे दिसत होते आणि ते तसे ठेवणे त्याला जमेना, म्हणून केले. कनूथ यांच्या मुद्रितांशी या कामाची बरोबरी करण्याचा माझा मानस नाही. जात मात्र एकच. गाथेविषयी मी त्याला आता एवढेच म्हणेन की तिच्याकडेही असाच जा. एखादा शब्द अडेल, तो सुटेपर्यंत तिथे बस. रकान्याचे पुढे पाहू.

आपल्या विभागांविषयीही एक सूचना कराविशी वाटते. गावोगावच्या महाविद्यालयांत अशा फाईली पडून आहेत; प्रबंध, लोकसाहित्याची संकलने, बंद पडलेल्या अनियतकालिकांचे अंक. त्या वाचवण्याचे तंत्र हौशी प्रोग्रॅमरांकडे आहे, आणि कोणता 'र' कुठे हवा हे सांगण्याचे काम आपले आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती कोणत्याही योजनेचे गुण मिळावेत म्हणून नव्हे. आपल्या एम.ए.च्या विद्यार्थ्याला पाठचिकित्सा शिकवायची असेल तर त्याला जुन्या विद्यार्थ्यांतला असा एखादा जोडीदार शोधून द्यावा आणि दोघांपुढे एक मोडकी फाईल ठेवावी.

माझ्या परिशिष्टातील एक शब्द अजून सुटलेला नाही. भावाच्या वाटेच्या एका ओवीत फाईल 'दर्या' म्हणते. तो समुद्र असेल, किंवा डीटीपीवाल्याच्या चुकीमुळे मोडलेल्या 'दऱ्या' असतील. गाणारीने समुद्र पाहिलेला नव्हता. पण ओवीत समुद्र यायला तो पाहिलेला असावा लागतो असेही नाही. तिच्या तोंडून ऐकताना हा भेद स्पष्ट कळला असणार, आणि ऐकणारा मीच होतो. आता आठवत नाही. विद्यार्थ्याने त्या शब्दापुढे प्रश्नचिन्ह घालून प्रोग्रॅम पुढे नेला आहे. त्या बाईची सून गावातच असते असे कळते. उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊन तिला ती ओवी म्हणायला सांगायचे ठरवले आहे. तो पण येणार म्हणतो आहे.